डिझाइन चोरीला जातं, मग नवीन काढायचंच कशाला?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. पप्पा आणि मी रात्र रात्र बसून नवीन डिझाइन काढतो, माल बाजारात गेला की थोड्याच दिवसांत तेच डिझाइन दुसऱ्याच्या मागावर चालू असतं आणि ते पण आमच्यापेक्षा कमी भावात. तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं की आयडिया जेवढ्या पसरतील तेवढी शहराची भरभराट. मग आमची का होत नाही?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : तुमचा राग अगदी रास्त आहे, आणि मागच्या वेळी मी जे लिहिलं तेही खरं आहे. आयडिया पसरणं ही एक गोष्ट झाली आणि ती काढणाऱ्याच्या पदरात काही पडणं ही दुसरी, आपल्याकडे पहिली जोरात होते आणि दुसरी होतच नाही, तुमचं दुखणं तिथं आहे.

आधी पसरण्याबद्दल. तुम्ही जो टॉवेल विणता, ते उभ्या फासांचं कापड, ते मूळचं तुर्कस्तानातलं. तिथं ते हातानं विणायचे. इंग्लंडच्या ख्रिस्टी नावाच्या कारखानदार घराण्यातल्या एकानं ते तिकडं पाहिलं, त्यांच्या कारखान्यात ते यंत्रावर विणायची युक्ती शोधली गेली आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलं. तिथून ते जगभर गेलं आणि फिरत फिरत आपल्या पूर्व भागात आलं. आपल्या चादरीची नक्षी ज्या जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्रावर निघते, ते फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जॅकार्ड नावाच्या माणसाचं, 1804 चं. आणि हे सगळं चालवणारे हात बघा, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आपलं कसब सोबत आणलं म्हणून हे शहर उभं राहिलं, 1877 मध्ये जुनी मिल आली ती पण बाहेरच्या तंत्रावरच. यातली एक जरी आयडिया तिच्या गावातच अडकून पडली असती तर आज सोलापुरी चादर नसती, टॉवेल नसता आणि तुमचा कारखानाही नसता.

जुना जॅकार्ड तुम्ही नक्की पाहिला असेल, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची ती लांबलचक माळ. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेर. जिथं भोक तिथली सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो, जिथं भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. म्हणजे नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून पुठ्ठ्यावर गेली, आणि एकदा पुठ्ठ्यावर गेली की माळ उचलून दुसऱ्या मागावर लावली तरी तीच नक्षी निघणार! आता पुठ्ठ्याच्या जागी पेनड्राइव्ह आलाय एवढंच, म्हणून तर तुमचं डिझाइन इतक्या पटकन पळतं. आणि जॅकार्डनं पण हे हवेतून काढलं नव्हतं बरं का. त्याच्या आधी फ्रान्समध्येच 1725 मध्ये बूशोंनं भोकांच्या कागदाची गुंडाळी वापरली, फाल्कोंनं पुठ्ठे आणले, वोकांसोंनं माग जवळजवळ आपोआप चालेल असा केला. जॅकार्डनं हे सगळं एकत्र करून चालतं केलं. पुढं हीच भोकांची युक्ती इंग्लंडच्या बॅबेज नावाच्या गणितज्ञानं आपल्या गणितयंत्रासाठी घेतली, आणि 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत हॉलेरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. मागावरची कल्पना कॉम्प्युटरपर्यंत गेली, मला तर हे कितीही वेळा वाचलं तरी भारी वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न, काढणाऱ्याला काय मिळालं. 1806 मध्ये फ्रान्स सरकारनं जॅकार्डचा माग सार्वजनिक मालकीचा केला, म्हणजे कुणीही बनवा, पण जॅकार्डला पेन्शन बांधून दिली आणि प्रत्येक यंत्रामागं रक्कम ठरवून दिली. 1812 पर्यंत फ्रान्समध्ये असे 11,000 माग चालू होते. आयडिया मोकळी झाली आणि माणूसही उपाशी राहिला नाही. मला विचाराल तर आपल्याकडं यातला दुसरा अर्धा भाग राहूनच गेलाय.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे गावाच्या नावाची कायदेशीर नोंद आहे, पण त्यानं फक्त सोलापूरचं नाव जपलं जातं, तुमचं फूल किंवा तुमची बॉर्डर नाही. त्यासाठी 2000 सालचा डिझाइन कायदा आहे. डिझाइनची नोंदणी केली की 10 वर्षं हक्क तुमचा, आणखी 5 वर्षं वाढवता येतो. मात्र डिझाइन नवीन पाहिजे आणि अर्ज माल बाजारात दाखवायच्या आधी करायचा, व्यापाऱ्याला सँपल देऊन मग नोंदणीला गेलात तर खेळ संपला. सगळीच डिझाइन नोंदवत बसू नका, जे वर्षानुवर्षं चालेल असं वाटतं तेवढंच नोंदवा. बाकीची आज ना उद्या जाणारच. तुमच्यासारखे दहाबारा कारखानदार एकत्र येऊन एक डिझायनर पगारावर ठेवलात, खर्च वाटून घेतलात आणि डिझाइनही वाटून घेतलीत, तर चोरीचा प्रश्नच अर्धा मिटतो. हे झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण सगळे एकमेकांचं बघून तोच टॉवेल स्वस्त करत बसले तर नवीन कोणी काढणारच नाही, आणि मग पसरायला तरी काय उरणार?

प्रश्न : 2025 चं अर्थशास्त्राचं नोबेल कशासाठी मिळालं ते सोप्या भाषेत सांगाल का? परीक्षेसाठी नको, समजून घ्यायचंय. पैसा गुंतवला की वाढ होते असंच आम्ही शिकलो.
– बी.ए.ची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : पैसा लागतोच की. पण अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये हिशोब मांडला की 1909 ते 1949 या काळात अमेरिकेत माणसाच्या एका तासाच्या कामातून निघणारं उत्पादन दुपटीच्या आसपास गेलं, आणि त्या वाढीतले आठातले सात भाग भांडवलामुळं नाही तर तंत्र सुधारल्यामुळं होते. मग तंत्र सुधारतं कशानं? दुसरे अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर म्हणाले आयडियांनी, आणि आयडियाची गंमत अशी की एक माग एका वेळी एकच कारखाना वापरू शकतो पण त्या मागाची रचना हजार कारखान्यांनी वापरली तरी ती संपत नाही. त्यांना 2018 मध्ये नोबेल मिळालं. 2025 चं जोएल मोकिर, फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांना, नव्या शोधांमुळं वाढ कशी होते ते उलगडून दाखवल्याबद्दल. मोकिर यांचं म्हणणं मला सगळ्यात पटतं : कारागिराला कसं करायचं ते माहीत असतं, शास्त्रज्ञाला ते का होतं ते माहीत असतं, आणि ही दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली की शोध थांबत नाहीत. आपल्या गावात मागाचे फिटर पण आहेत आणि इंजिनिअरिंग कॉलेजं पण आहेत, बोलणं किती होतं ते तुम्हीच बघा. आगियों आणि हॉविट यांचं काम शेवटच्या ताईंच्या प्रश्नात येतंय.

प्रश्न : माझी सांगोल्यात डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोग आटोक्यात ठेवायची माझी पद्धत गावात सगळ्यांना सांगितली तर माझाच भाव पडेल ना?
– एक बागायतदार

उत्तर : दादा, सांगाच. तेल्याचा जिवाणू पावसाच्या थेंबांनी, वाऱ्यानं, छाटणीच्या कात्रीनं आणि रोगट रोपांतून पसरतो, शेजारची बाग घाण असली तर तुमची कितीही स्वच्छ असून टिकत नाही. कात्री निर्जंतुक करणं, पावसातला मृग बहार टाळून पाऊस सरतानाचा हस्त बहार धरणं, हे सगळ्या शिवारानं केलं तरच उपयोग. माल वाढला की भाव थोडा उतरेल हे खरं, पण चांगला माल भरपूर असतो तिथंच व्यापारी गाडी घेऊन येतात. शंका असली तर केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा, ते 2005 पासून आपल्याच सोलापुरात आहे.

प्रश्न : मी विड्या वळते. नवीन यंत्र आलं, नवीन आयडिया आली की देश पुढं जातो म्हणतात. आमच्यासारख्या बायकांचं काम जातं त्याचं काय?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : ताई, हा प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला पाहिजे होता. आगियों आणि हॉविट यांनी 1992 मध्ये गणितानं दाखवलं ते हेच, की नवं येतं ते जुन्याला मोडूनच येतं. ल्योंच्या विणकरांनी जॅकार्डचे माग जाळले होते ते भीतीपोटीच, आणि आपल्या मिल बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या घरांवर काय आलं ते सोलापूरला कुणी सांगायला नको. फायदा सगळ्या देशाला होतो आणि मार मोजक्या घरांना बसतो, म्हणून त्या फायद्यातला वाटा त्या घरांना मिळणं हा हक्क आहे, उपकार नाही. डेन्मार्कमध्ये मालकाला कामगार कमी करणं सोपं आहे, पण काम गेलं तर भत्ता मिळतो आणि नवीन काम शिकवलं जातं. आपल्याकडं युनिफॉर्म आणि गारमेंटचं काम वाढतंय, तिथं शिलाई शिकायची सोय घरकुलाजवळ आणि शिकताना पैसे मिळतील अशी पाहिजे, कारण दिवसभर विड्या वळल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही त्या बायका फुकटच्या क्लासला पण येऊ शकत नाहीत. तुमच्या संघटनेत ही मागणी अशीच नेमकी मांडा : क्लास जवळ, आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरी.