ड्रूल्समध्ये (अटी-आधारित नियम चालवणाऱ्या जावा रूल इंजिनमध्ये) ठरावीक नियमच फायर कसे करायचे, म्हणजे चालवायचे?

सगळे नियम एकाच फाइलमध्ये आहेत आणि एका वेळी फक्त सवलतीचे चालवायचे आहेत, तर सेलियन्सच्या (नियमाला दिलेल्या प्राधान्याच्या आकड्याच्या) नादी लागू नका. तो फक्त क्रम ठरवतो (डीफॉल्ट ०, मोठा आकडा आधी). अट जुळलेला नियम त्याने थांबत नाही.

सवलतीच्या नियमांना 'अजेंडा-ग्रुप' (गटाचं नाव) द्या आणि 'फायरऑलरूल्स'च्या (नियम चालवायला लावणाऱ्या कॉलच्या) आधी त्या ग्रुपवर 'सेटफोकस' करा, म्हणजे तो ग्रुप पुढे आणा. फोकसचा स्टॅक असतो, म्हणजे शेवटी फोकस दिलेला ग्रुप आधी चालतो. बहुतेकांची गफलत पुढेच होते: ज्या नियमाला ग्रुपच दिलेला नाही तो 'मेन' या डीफॉल्ट ग्रुपमध्ये जातो, आणि 'मेन' स्टॅकच्या तळाशी कायम असल्यामुळे तो नियम शेवटी चालतोच. म्हणून एकही नियम बिनग्रुपचा ठेवू नका.

अनेकांपैकी एकच फायर व्हायला हवा असेल तर 'अ‍ॅक्टिव्हेशन-ग्रुप' वापरा. पहिला चालला की बाकीचे रद्द. त्यातला पहिला कोण, हे मात्र सेलियन्सने ठरवा. इथे तो खरा कामाचा.

नियम नावावरून गाळायला अजेंडाफिल्टर आहे, पण तो टेस्टिंगपुरता बरा. 'नो-लूप' फक्त नियमाने स्वतःलाच पुन्हा जागं करणं थांबवतो. दोन नियम एकमेकांना उठवत असतील तर लूप चालूच राहतो.