शिशाच्या जुन्या पाइपावरचा वॉल्व्ह ठिबकतोय, घरच्या घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की गिरगावातल्या चाळीत मोरीतल्या शिशाच्या पाइपावरचा वॉल्व्ह ठिबकतो, एक प्लंबर हात लावायला तयार नाही आणि दुसरा म्हणतो अख्खी लाइन काढा. मी फिटर माणूस, परळ-लालबागच्या चाळींतून अशा लायनी पुष्कळ पाहिल्यात. दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण वॉल्व्ह नेमका कुठून गळतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे.

आधी पाइप खरंच शिशाचा आहे का ते बघा, कारण जुना करडा पाइप दिसला की लोक सरसकट शिसं म्हणतात. लोहचुंबक चिकटला तर तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. चिकटला नाही, आणि नाण्याने हलकं खरवडल्यावर मऊ लागून चांदीसारखं चकाकलं, तर शिसंच. नंतर हात साबणाने धुवा.

आता पाणी चालू असताना वॉल्व्ह फडक्याने कोरडा करा आणि वर्तमानपत्राचा कपटा एकेका जागी टेकवून बघा. चक्रीच्या दांडीपाशी कागद भिजला तर काम सोपं आहे. दांडीभोवती एक छोटा नट असतो, त्याला ग्लँड म्हणतात. त्याच्या आतला दोरा वर्षानुवर्षं वाळून आकसतो आणि तिथून पाणी झिरपतं. नट आवळायचे दोन पाने (स्पॅनर) घ्या. एकाने वॉल्व्हचं अंग घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्याने ग्लँड जेमतेम पाव फेरा आवळायचा. अंग धरायचं विसरलात तर सगळा जोर मागच्या पाइपावर जातो. शिसं तो पीळ सोसतं, तेव्हा काही दिसतही नाही, आणि मग चार दिवसांनी भिंतीत गळायला लागतं.

पाव फेऱ्याने भागलं नाही तर दोरा बदला. मुंबईत एक सोय आहे, नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, त्यामुळे पाणी गेल्यावर निवांत काम करता येतं. वर टाकी असेल तर तिचा कॉक बंद करा, सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या. ग्लँड नट काढा, आतला काळा पडलेला दोरा बारीक तारेने उकरून काढा. टेफ्लॉन टेपला पीळ देऊन दोरी करा, नट आवळायच्या दिशेनेच दांडीभोवती गुंडाळा, दाबून बसवा आणि नट हाताने लावून वर थोडासाच पाना द्या. चक्री सहज फिरली पाहिजे. ग्लँडची दोरी नागदेवी स्ट्रीटला सुटी मिळते, पण या कामाला टेफ्लॉन पुरतो. पिण्याच्या लायनीला सुतळी-सफेदा, म्हणजे सांध्यात भरायची सुतळी आणि तिला लावायचा पांढरा लेप, नको. पूर्वीचा सफेदा शिशाचाच असायचा, म्हणजे काढायचं तेच परत घालायचं. आणि कृपा करून दांडीवर एम-सील थापू नका, मग तो वॉल्व्ह कधीच बंद होणार नाही.

वॉल्व्ह बंद करूनही पुढे पाणी येत राहत असेल तर आतलं वायसर किंवा ते जिथे टेकतं ती बैठक गेली आहे. इतका जुना वॉल्व्ह उघडून वायसर बदलण्यात मी वेळ घालवत नाही. तो जाम असेल तर जोर लावू नका, थोडा पुढे, थोडा मागे असा हलवा. नाही हलला तर सोडून द्या.

वॉल्व्ह आणि शिशाच्या सांध्यावर, म्हणजे जिथे पाइप कांद्यासारखा फुगलेला दिसतो तिथे, कागद भिजला तर मात्र थांबा. तो सांधा कथील आणि शिशाच्या ओतीव मिश्रणाचा असतो आणि तो नीट करणारे हात आता मिळत नाहीत. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे टॉर्च मारणारा नवशिका सांध्याबरोबर पाइपही वितळवतो, वर धूर नाकात जातो. तात्पुरतं म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन क्लिपा हलक्या आवळा. पण लगेच बदलाच्या मागे लागा.

घाई करायला सांगतो त्याला कारण आहे. पाणी गेलं की लाइनमधला दाब जातो, आणि ज्या फटीतून दिवसा पाणी बाहेर येतं तीच फट बाहेरचा ओलावा आत ओढू शकते. मोरीत, गटाराजवळ असेल तर विचारूच नका. शिवाय दोन वेळांच्या मध्ये पाणी पाइपात तासन्‌तास उभं राहतं. मुंबईला तानसा-वैतरणा तलावांचं येणारं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षाराचं, बोअरसारखा क्षाराचा थर आतून बसत नाही, आणि मऊ पाण्यात शिसं जास्त सहज उतरतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. उकळून शिसं जात नाही, कॅन्डल किंवा यूव्ही फिल्टरनेही जात नाही, आरओने कमी होतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे टाळू नका, मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. तोवर पाणी आलं की पहिली बादली-दोन बादल्या धुण्याला, फरशीला घ्या, पिण्याचं पिंप त्यानंतर भरा.

दुसऱ्या प्लंबरचं म्हणणं म्हणूनच ऐकण्यासारखं आहे. फक्त वॉल्व्हजवळचा हातभर तुकडा काढून पितळी किंवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) जोडला तर उरलेलं शिसं हलतं आणि काही दिवस पाण्यात जास्तच येतं. करायचं तर मीटरपासून तुमच्या नळापर्यंत पूर्ण. तुमच्या खोलीतला भाग तुमचा, पण जिन्यातून वर येणारी लाइन सगळ्यांची, तेव्हा मालकाला आणि शेजाऱ्यांना विचारून एकदमच करा, खर्चही वाटला जातो. मीटरच्या आधी, म्हणजे महापालिकेच्या लायनीच्या बाजूला, काही करायचं असेल तर महापालिकेचा परवाना असलेला प्लंबरच हवा, गिरगावसाठी नाना चौकातल्या डी विभाग कार्यालयात विचारा.

वॉल्व्हच्या दोन्ही बाजू आणि तो फुगीर सांधा दिसेल असा उजेडातला फोटो टाका, म्हणजे ग्लँडचं काम आहे की सांध्याचं, ते सांगतो.