आजीवर लिहायला बसताय? मग हे आधी वाचा

'प्रेमळ, कष्टाळू, सोशिक' ही विशेषणं आधी खोडून टाका. ती कुणाच्याही आजीला चिकटतात. त्यापेक्षा घरातला मोठा निर्णय ती कसा घ्यायची ते लिहा. सगळ्यांचं ऐकून घ्यायची, की तिच्या नुसत्या बघण्यानंच विषय मिटायचा?

घरात जे सर्वांत वयस्कर आहेत, त्यांना पहिल्यांदा गाठा. चुलत-मावस भावंडं नंतरही भेटतील. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. 'कोणत्या साली?' या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. 'थोरला जन्मला होता का तेव्हा?' असं विचारलं की गाडी सुरू होते. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं, १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. अशा खुणांनीही वय जुळवता येतं. कागदोपत्री जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका, जुन्या नोंदींत ती पुष्कळदा अंदाजाने टाकलेली असते.

जुने फोटो समोर ठेवून बोला. कोण कोण आहे ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती मिळणारच. दोन्ही ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. आणि तिचा हट्ट, तिचा अबोला, एखाद्या सुनेशी न जमलेलं, हेही येऊ द्या. नातेवाईक कुरकुरतील, कुरकुरू देत. फक्त हयात माणसाला दुखावणारं काही असेल, तर छापण्याआधी त्याला वाचून दाखवा.