खेड्यात राहून शेती करणाऱ्याला स्मार्टवॉचचा रोजच्या कामात खरोखर उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की, दिवसाचा बराच वेळ वावरात जाणाऱ्या माणसाने दोन-अडीच हजार रुपये खर्चून स्मार्टवॉच घ्यावे का, की ती केवळ शहरातली हौस आहे. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात कापूस, तूर आणि हरभरा घेतो आणि गेली तीन वर्षे असे घड्याळ रोज बांधतो. माझ्या मते ते अवश्य घ्यावे, मात्र जाहिरातीत ज्या गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात त्यांच्यासाठी घेऊ नये. मला त्याचा खरा उपयोग होतो तो मोबाइलवर फोन किंवा सूचना आली की मनगटावर जाणवणाऱ्या थरथरीचा. पडद्यावरच्या आकड्यांना मी फारसे मोल देत नाही.

हिवाळ्यात हरभऱ्याचे ओलीत सुरू असते तेव्हा हा उपयोग सर्वांत अधिक कळतो. कृषिपंपाची थ्री फेज लाइन आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, आणि रात्रीच्या पाळीत ती मध्येच केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. विहिरीवरच्या पेटीत मी मोबाइल स्टार्टर बसवला आहे. लाइन आली किंवा मोटार बंद पडली की त्यातील सिमवरून मला फोन येतो. पूर्वी तो ऐकू यावा म्हणून मोबाइल उशाशी मोठ्या आवाजात ठेवावा लागे, आणि रात्री दीड वाजता तो वाजला की आई आणि मुले यांच्यासह सारे घर जागे होई. आता मोबाइल मुका ठेवतो, मनगट थरथरते, आणि मी दुपट्टा गुंडाळून, टॉर्च घेऊन निघतो. घरात कोणाची कूसही बदलत नाही. वावरात स्प्रिंकलरचे पाइप दर काही तासांनी पुढे हलवायचे असतात, त्यासाठी घड्याळातच टायमर लावतो, म्हणजे धुऱ्यावर शेकोटीजवळ डुलकी लागली तरी हरभऱ्याच्या एकाच पट्ट्यात पाणी जास्त होत नाही.

दुसरा उपयोग पावसाळ्यातला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असल्यास सूचना देते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बनियनच्या खिशात ठेवलेला असतो, हात चिखलाने भरलेले असतात, अशा वेळी ही सूचना मनगटावर येणे फार सोयीचे असते. अर्थात वावरात नेटवर्क असेल तरच ती येते. शिवाय मोबाइल आणि घड्याळ यांची जोडणी ब्लूटूथवर चालते, आणि ती साधारण १० मीटरच्या पलीकडे टिकत नाही, त्यामुळे मोबाइल निंबाखालच्या पिशवीत ठेवून आपण दुसऱ्या धुऱ्याला गेलो की मनगटावर नुसते घड्याळ उरते. उलट घरात हीच जोडणी एकदा उपयोगी पडली: वेचलेला कापूस खोलीत रचताना माझा मोबाइल त्या ढिगात गेला होता, आणि घड्याळातील ‘फोन शोधा’ दाबल्यावर कापसाच्या पोटातून तो दबक्या आवाजात वाजू लागला.

आता आकड्यांविषयी. पावले मोजण्यासाठी घड्याळ मनगटाची हालचाल पाहते, पाय पाहत नाही. डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण बैलांच्या डवऱ्याने काढण्याच्या दिवशी घड्याळ बांधलेला हात रुमण्यावर, म्हणजे डवऱ्याच्या मुठीवर, घट्ट असतो, त्यामुळे सकाळपासून बैलांमागे कित्येक किलोमीटर चालूनही पावले मोजकीच दिसतात. त्याच दिवशी संध्याकाळी खड्ड्यांच्या रस्त्याने मोटरसायकलवर आर्वीला जाऊन आले की ती भरभर वाढलेली असतात. शेतकऱ्याने दहा हजार पावलांच्या नादी लागावे असे मला तरी वाटत नाही.

नाडीचा आकडा त्या मानाने बरा असतो. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताचे प्रमाण बदलत असल्याने परत येणाऱ्या प्रकाशावरून ठोके मोजले जातात. मी हौसेने ते आईच्या मनगटावर बांधले तेव्हा मात्र पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. घड्याळ बिघडले असे वाटून मी ते सैल केले, घट्ट केले, पुसले. शेवटी लक्षात आले की तिच्या मनगटावर लग्नाआधीचे दाट गोंदण आहे आणि त्या हिरव्या शाईतून प्रकाश नीट जात नाही. दुसऱ्या हाताला गोंदण नव्हते, तिथे आकडा लगेच आला. आईचे म्हणणे असे की, तिच्या गोंदणापुढे यंत्राचे काही चालले नाही.

बीपी आणि साखर यांबाबत मात्र थट्टा नको. दंडाला पट्टा न बांधता स्वस्त घड्याळ जो बीपी दाखवते त्यावर गोळी कमी-जास्त करू नये. सुई न टोचता साखर मोजणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. असे एकही उपकरण आपण मंजूर केलेले नाही, असे त्याने स्पष्ट केले होते. आमच्या गावातील एका वृद्ध गृहस्थांनी घड्याळ साखर बरोबर दाखवते या समजुतीने तपासणी लांबणीवर टाकली होती, आणि त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत आम्हा तिघांना त्यांच्याशी वाद घालावा लागला.

घड्याळ टिकवायचे असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. फवारणीच्या वेळी ते काढून ठेवावे. आयपी ६८ हा दर्जा धूळ आणि साध्या पाण्यासाठी असतो, कीटकनाशकासाठी नसतो, आणि पट्ट्याखाली साचलेले औषध तासन्‌तास कातडीला लागून राहते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून ज्या विषबाधा झाल्या त्या आपल्याला आठवत असतील. दुसरी गोष्ट उन्हाची. ॲपलसारखी कंपनीसुद्धा आपल्या नेहमीच्या घड्याळांसाठी ३५ अंशांपर्यंतचेच तापमान योग्य मानते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. माझे पहिले घड्याळ टिनाच्या खोलीत भर दुपारी चार्जिंगला लावल्यामुळे फुगले. आता मी ते पहाटे, दूध काढून होईपर्यंत, चार्ज करतो.

खरेदी करताना दुकानातच ते आपल्या मोबाइलला जोडून घ्यावे आणि घरच्यांना मराठीत एक संदेश पाठवायला सांगावा. अनेक स्वस्त घड्याळांत देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, नाहीतर वेलांट्या अक्षर सोडून भलतीकडे जाऊन बसतात. माझ्या पहिल्या घड्याळात ‘मोटार बंद’ हा संदेश आठ चौकोनांचा दिसे. त्याच वेळी चार्जरची वेगळी किंमत विचारावी, कारण अनेक नमुन्यांचा चुंबकाचा चार्जर निराळा असतो आणि तो हरवला तर तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही.