वाचकांचे प्रश्न : वकिलांचे संकेतस्थळ आणि त्याचे अंदाजपत्रक

प्रश्न : आम्ही तिघे वकील लातूर येथे भागीदारीत काम करतो. दिवाणी दावे आणि भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणे हे आमचे मुख्य काम असून आमच्यापैकी एक जण आठवड्यातील निम्मे दिवस छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात असतो. संकेतस्थळ करून घ्यावे असे आम्ही ठरवले आणि दोन दरपत्रके मागवली. पहिले १८,००० रुपयांचे आहे व त्यात ‘संपूर्ण वेबसाइट’ एवढेच लिहिले आहे. दुसरे १,४०,००० रुपयांचे आहे. त्यात संकेतस्थळासाठी ६५,०००, वर्षभराच्या ऑनलाइन प्रसिद्धीसाठी ६०,००० आणि चॅटबॉट (प्रश्नांना आपोआप उत्तरे देणारी सोय) व पक्षकारांच्या अभिप्रायांच्या चित्रफितींसाठी १५,००० अशी विभागणी आहे. या दोन आकड्यांत एवढे अंतर का, आणि आम्ही प्रत्यक्षात किती तरतूद करावी?
— तीन भागीदार, लातूर

उत्तर : आपल्यासारख्यांनी आकड्याचा विचार करण्याआधी बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेच्या नियमांतील ३६ वा नियम समोर ठेवावा, कारण आपल्या अंदाजपत्रकातील निम्मा निर्णय त्या नियमानेच घेऊन ठेवला आहे. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागू नये व जाहिरात करू नये, हा त्याचा गाभा आपणास ठाऊक आहेच. २००८ साली त्यात दुरुस्ती होऊन संकेतस्थळाला मुभा मिळाली, पण ती मोजक्या तपशिलांपुरतीच. नाव, पत्ता, दूरध्वनी व ईमेल, सनद क्रमांक व तिची तारीख, राज्य बार कौन्सिलचे व वकील संघाचे नाव, व्यावसायिक आणि शैक्षणिक पात्रता, तसेच कामाची क्षेत्रे एवढेच देता येते, आणि हा मजकूर खरा असल्याचे घोषणापत्र त्यासोबत द्यावे लागते. मान्य तपशिलांपलीकडे काही घातले, तर तो नियमाचा भंग समजला जातो.

हे ध्यानात घेतले की दुसऱ्या दरपत्रकातील ७५,००० रुपये आपोआप बाजूला पडतात. सशुल्क जाहिराती, पक्षकारांनी केलेली स्तुती, जिंकलेल्या खटल्यांची यादी यांपैकी काहीही आपल्याला विकत घेता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून वकिलांची कामे मिळवून देण्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले आणि अशा वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याच्या सूचना राज्य बार कौन्सिलांना द्याव्यात, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाला सांगितले. दरपत्रक देणाऱ्याला हे ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे, कारण तो दवाखान्याला, मंगल कार्यालयाला आणि वकिलाला एकच नमुना देतो. मात्र १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली चौकशी झाली, तर ती त्याची नव्हे, आपली होणार आहे.

इंटरनेटवर वकिली फर्मच्या संकेतस्थळाच्या खर्चाचे जे तक्ते सापडतात ते बहुतेक अमेरिकेतील आहेत, हेही येथे सांगायला हवे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ‘बेट्स’ खटल्यात वकिलांच्या जाहिरातीला संरक्षण दिले. त्यामुळे तिकडे संकेतस्थळ हे नवे पक्षकार मिळवण्याचे साधन मानले जाते आणि त्या हिशोबानेच त्यावर खर्च होतो. आपल्याकडे ते ओळखपत्राचे काम करते. ज्याने आपले नाव कोणाकडून तरी ऐकले आहे, त्याला आपला खरा पत्ता, सनद आणि कामाचे स्वरूप खात्रीने कळावे, हा त्याचा उपयोग, आणि माझ्या मते तो मुळीच लहान नाही. निलंगा किंवा अहमदपूर तालुक्यातून बसने आलेला शेतकरी न्यायालयाबाहेर उभा राहून मुलाला मोबाइलवर वकिलाचा पत्ता शोधायला सांगतो, त्या क्षणी पान पटकन उघडले आणि मजकूर मराठीत नीट वाचता आला, तर संकेतस्थळावरचे पैसे सत्कारणी लागले.

आता १८,००० रुपयांच्या दरपत्रकाकडे वळू. त्यात जे लिहिलेले नाही त्याचाच खर्च पुढे येतो. डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता) कोणाच्या नावे घेतले जाईल, होस्टिंगचे (म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेचे) दुसऱ्या वर्षाचे नूतनीकरण किती रुपयांना पडेल, मजकूर कोण लिहील, मराठी पाने आहेत की नाहीत, संकेतस्थळ बंद पडल्यास कोणाला फोन करायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या एका ओळीत नाही. होस्टिंग पहिल्या वर्षी सवलतीत देऊन नंतर पूर्ण दर लावण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून नूतनीकरणाचा दर लेखी मागावा. माझी आग्रहाची सूचना अशी की अंदाजपत्रक नेहमी तीन वर्षांचे करावे, कारण संकेतस्थळ उभे करण्यापेक्षा ते चालू ठेवण्यालाच कालांतराने अधिक पैसा लागतो.

आपल्यासाठी मी पुढीलप्रमाणे तरतूद सुचवतो. मराठी व इंग्रजी अशी मिळून आठ-दहा पाने असलेल्या साध्या, मोबाइलवर नीट दिसणाऱ्या संकेतस्थळाच्या बांधणीसाठी ३२,००० रुपये आणि दोन्ही भाषांतील मजकूर लिहिणे व तपासणे यासाठी ८,००० रुपये धरावेत. हा एकदाचा खर्च ४०,००० रुपये होतो. दरवर्षी दोन डोमेनसाठी २,५००, होस्टिंगसाठी ५,०००, स्वतःच्या डोमेनवरील चार ईमेल खात्यांसाठी ७,२०० आणि देखभालीसाठी ९,००० असे २३,७०० रुपये लागतील, म्हणजे तीन वर्षांत ७१,१००. दोन्ही मिळून १,११,१०० रुपये. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागला असे धरले तर आणखी १९,९९८ रुपये, म्हणून एकूण १,३१,०९८. हा आकडा दुसऱ्या दरपत्रकाच्या जवळपास येतो, परंतु तो एका वर्षाचा नसून तीन वर्षांचा आहे आणि त्यात प्रसिद्धीचा एक रुपयाही नाही. तिघांत वाटला तर प्रत्येकी महिन्याला साधारण १,२१५ रुपये पडतात. पहिल्याच वर्षी हातात ७५,००० रुपयांच्या आसपास रक्कम असावी.

जीएसटी मी मुद्दाम धरला आहे. वकिलांच्या सेवेवरील कर, तो लागू असेल तेव्हा, सेवा घेणारा व्यवसाय भरतो, वकील नव्हे. त्यामुळे केवळ वकिली करणाऱ्यांची बहुधा नोंदणी नसते आणि भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. म्हणजे हे १८ टक्के आपल्या खिशातूनच जाणार. तसेच आपल्यापैकी कोणी स्वतंत्र कामाच्या उत्पन्नावर निम्मी रक्कम नफा धरून आयकर भरत असेल, तर संकेतस्थळाचा खर्च त्यातून वेगळा वजा होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कोठे हात आखडता घ्यावा, असे विचाराल तर माझे उत्तर स्पष्ट आहे. चॅटबॉट नको. पक्षकाराला लॉगिन देऊन खटल्याची पुढील तारीख दाखवणारी स्वतंत्र व्यवस्थाही नको, कारण न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर खटल्याचा १६ अंकाक्षरांचा सीएनआर हा ओळख क्रमांक टाकला की ती माहिती विनामूल्य मिळते. आपण पक्षकाराला तो क्रमांक कागदावर लिहून दिला तरी पुरे. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, त्यासाठी वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारावे. ‘आपली समस्या सविस्तर लिहा’ अशी चौकट असलेला संपर्क-अर्ज तर मी काढूनच टाकायला सांगेन. वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे, आणि अशा संवादाची सुरुवात एखाद्या स्वस्त होस्टिंगवर साठवल्या जाणाऱ्या अर्जातून होणे मला पटत नाही. शिवाय ज्याच्या विरुद्ध आपण आधीच उभे आहात, तोच प्रतिपक्ष अजाणतेपणी आपली सारी हकीकत त्या अर्जात लिहून पाठवू शकतो. फोन क्रमांक आणि ईमेल एवढे दिले की काम भागते.

जेथे हात आखडू नये ती जागा म्हणजे मालकी. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ वकिलांचे डोमेन संकेतस्थळ करणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घेतले होते. तो मुलगा दुसऱ्या शहरात गेला, क्रमांक बदलला, नूतनीकरणाची सूचना कोणाला मिळालीच नाही आणि सहा वर्षे पक्षकारांना दिलेला ईमेल पत्ता एका सकाळी बंद पडला. वर्षाच्या हजार-बाराशे रुपयांचा प्रश्न होता, पण ज्या पत्त्यावर पक्षकार कागद पाठवत होते तो पत्ताच गेला. म्हणून डोमेन भागीदारांपैकी एकाच्या नावे, फर्मच्या ईमेलवर व फर्मच्या क्रमांकावरच नोंदवावे, आणि त्याचे पैसे स्वतः भरावेत.

त्याच अनुषंगाने करार लेखी करावा. आपण रोज इतरांचे करार तपासता, तरी स्वतःच्या कामाचा व्यवहार तोंडी ठरवण्याची सवय आपल्या व्यवसायात मी वारंवार पाहिली आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार बाहेरच्या व्यक्तीने तयार केलेल्या संगणक-आज्ञावलीचा आणि मजकुराचा पहिला मालक सामान्यतः तोच असतो, आपण पैसे मोजले म्हणून तो हक्क आपल्याकडे येत नाही. हस्तांतरण लेखी लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ते केवळ ५ वर्षांचे मानले जाते. कायमस्वरूपी हस्तांतरण असे शब्द घालून घ्यावेत. रक्कम तीन हप्त्यांत द्यावी आणि शेवटचा हप्ता सर्व पासवर्ड व संपूर्ण प्रत हाती आल्यावरच द्यावा.

मजकुराविषयी दोन गोष्टी. कामाची क्षेत्रे लिहिता येतात, म्हणून ‘भूसंपादन’, ‘कुळवहिवाट’, ‘सेवाविषयक याचिका’ असे अवश्य लिहावे, पण ‘तज्ज्ञ’, ‘नामांकित’, ‘क्रमांक एक’ हे शब्द टाळावेत. पत्त्यात छत्रपती संभाजीनगरसोबत औरंगाबाद हे नावही ठेवावे, कारण जुन्या नावाने शोधणारे पक्षकार अजून बरेच आहेत. याला खर्च काहीच नाही.

प्रश्न : मी हिंगोली येथे दोन वर्षांपासून वकिली करते. दहा हजारांपेक्षा अधिक खर्च करणे मला शक्य नाही. इतक्यात संकेतस्थळ करावे की थांबावे?
— एक तरुण वकील, हिंगोली

उत्तर : ताई, थांबू नका, मात्र एकच पान करा. ‘डॉट इन’ डोमेन स्वतःच्या नावे घ्या, साधे होस्टिंग घ्या आणि विनामूल्य मिळणाऱ्या वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या आज्ञावलीवर नाव, सनद, पात्रता, पत्ता व कामाची क्षेत्रे एवढे मराठीत लिहा. हे काम एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याकडून समोर बसून करून घेतले, तर पहिल्या वर्षी ही रक्कम पुरावी आणि त्यातील दोन-अडीच हजार पुढच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवता यावेत. दोन वर्षांच्या कामात दाखवण्यासारखे काही नाही अशी खंत बाळगू नका, कारण जिंकलेले खटले दाखवण्याची मुभा वीस वर्षे झालेल्यांनाही नाही. या एका पानावर आपण आणि जिल्ह्यातील सर्वांत ज्येष्ठ वकील समान पातळीवर असता.

प्रश्न : सर्वसामान्यांसाठी कुळकायदा, वारसनोंद आणि सातबाऱ्यावरील फेरफार या विषयांवर मी अनेक वर्षे लिहिलेल्या टिपणांच्या फाइल्स माझ्या संगणकावर आहेत. त्या संकेतस्थळावर घालायच्या असता अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. संकेतस्थळवाल्याने सर्व मजकूर नव्याने टंकित करण्याचे पैसे मागितले आहेत. ते द्यावेत का?
— निवृत्तीच्या वाटेवरील एक वकील, नांदेड

उत्तर : नव्याने टंकन करून घेऊ नये. आपल्या फाइल्स श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असाव्यात, म्हणजे युनिकोड ही सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या. आपल्याकडच्या न्यायालय परिसरातील टंकलेखकांकडे हे फॉन्ट आजही आढळतात. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध असून काम काही मिनिटांचे असते. खरा खर्च त्यानंतरच्या मुद्रितशोधनाचा आहे, कारण रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत हमखास चुका होतात आणि ‘कलम’ क्रमांकाचा एखादा अंकही बदलू शकतो. म्हणून पैसे टंकनाला न देता मराठी व्याकरण जाणणाऱ्या मुद्रितशोधकाला पानागणिक द्यावेत, आणि कायद्याची कलमे आपण स्वतः पडताळावीत. मराठवाड्याला लागू असलेला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि पश्चिम महाराष्ट्राचा कायदा वेगळा आहे. दोन्हींची कलमे एकमेकांत मिसळली तर वाचणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान होईल, आणि ही चूक शोधकाच्या नजरेत येणार नाही.

टिपणे प्रसिद्ध करण्याआधी वर उल्लेखिलेला ३६ वा नियम पुन्हा वाचावा. मान्य तपशिलांच्या यादीत लेखांचा समावेश नाही, म्हणून ही टिपणे वकिलीच्या संकेतस्थळावर न ठेवता एखाद्या नियतकालिकात किंवा पुस्तकरूपाने काढणे मला अधिक सुरक्षित वाटते. रूपांतराचा खर्च दोन्हीकडे तेवढाच येईल.