सील किटआधी रॉड बघ
बॅकहोच्या (खोदाई मशीनच्या) बूम सिलिंडरच्या, म्हणजे मोठा हात उचलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरच्या, तोंडाशी तेल दिसलं की लगेच सील किट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) आणायला धावू नकोस, भावा. आधी रॉड, म्हणजे सिलिंडरमधून आत-बाहेर होणारा दांडा, पुसून त्यावरून नख फिरव. कुठे नख अडकलं, क्रोमचा मुलामा उडालेला दिसला, तर नवं सीलही तिथेच फाटणार. पिन-बुशची (सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी) ढिलाईही बघ. रॉड तिरका चालला की सील एकाच बाजूने झिजतं.

खोलण्याआधी बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर, लिव्हर सगळीकडे हलवून दाब सोड. आणि बारीक गळती बोटाने कधीच शोधू नकोस, पुठ्ठा धर. दाबाचं तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं, हे कृपा करून लक्षात ठेव.

बसवताना रॉड सीलची लिप (पातळ कड) तेलाकडे, रॉडवरची धूळ पुसणाऱ्या वायपरची बाहेर. जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नकोस, खाचेत ओरखडा पडतो. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळ, मगच ग्लँड (सिलिंडरच्या तोंडाचं झाकण, ज्यात सील बसतं) सरकव.

बाहेर थेंब नसताना बूम आपोआप खाली येत असेल, तर सिलिंडरच्या आतलं पिस्टन सील किंवा तेलाचा प्रवाह वळवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह तपास.