अमेरिकेतल्या लॅटिना (म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या) बायकांनी मॅमोग्राम, म्हणजे स्तनाच्या कर्करोगासाठीची एक्स-रे तपासणी, करून घ्यावा म्हणून त्यांच्या वस्तीतल्या लोकांची मतं कशी घ्यावीत?

प्रोजेक्टसाठी विचारताय, तर प्रश्नावली तयार केली असेल, ती आधी बाजूला ठेवा. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या एका दवाखान्यात मी शनिवारी मदतीला जायचे. पहिल्याच बैठकीत आम्ही विचारलं, "तुम्ही तपासणीला का येत नाही?" द्राक्षमळ्यात राबणाऱ्या दहा-बारा बायका, सगळ्या गप्प. त्यांना वाटलं, रागवायलाच बोलावलंय.

पुढच्या वेळी प्रोमोतोरा बोलली. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतली, थोडं प्रशिक्षण घेतलेली बाई. आपल्या आशाताईंच्या जातकुळीतली. तिनं एवढंच विचारलं, "दवाखाना बंद किती वाजता होतो, माहितीय का?" मग मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पाचला बंद होतो, तोवर आम्ही मळ्यातच. खाडा झाला की मजुरी गेली. मशीनवर पुरुष असतो का? कागदपत्रं मागतात का? एक आजी म्हणाल्या, "गाठ निघाली तर पुढचा खर्च कोण करणार? त्यापेक्षा न कळलेलंच बरं." अभ्यासक याला 'फातालिस्मो' म्हणतात, म्हणजे सगळं नशिबावर सोडणं. मला तर तो सरळ हिशेब वाटला.

त्या हिशेबाला उत्तर हवं, पोस्टर नको. 'एव्हरी वुमन काउंट्स' ही कॅलिफोर्नियाची योजना कमी उत्पन्नाच्या, चाळिशीपुढच्या बायकांची तपासणी मोफत करते आणि इमिग्रेशनचे कागद मागत नाही. हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं! देशभरातही 1990 च्या कायद्यातून आलेला असा कार्यक्रम आहे. लॅटिना बायकांत स्तनाचा कर्करोग गोऱ्या बायकांपेक्षा कमी आढळतो, तरी त्यांच्यात कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंत तोच पहिला, आणि निदान बरेचदा उशिरा. 2024 पासून 40 ते 74 वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्रामची शिफारस आहे, पण ही वाक्यं बैठकीत शेवटी सांगा.

आणखी एक, 'लॅटिना' हा एकच गठ्ठा समजू नका. आमची स्पॅनिश पत्रकं दोघी-तिघींच्या उपयोगाचीच नव्हती. त्या मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या, घरात मिश्तेको ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या. आम्ही हे आधी विचारलंच नव्हतं, याची अजून लाज वाटते.

शेवटी बायकांनीच ठरवलं: रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात फिरती व्हॅन, मशीनवर बाईच, आणि निकाल पत्रानं न पाठवता फोनवर सांगायचा. तुमच्या बजेटमध्ये प्रोमोतोरांचं मानधन सगळ्यात वर लिहा. आम्ही ते पहिल्या वर्षी विसरलो, आणि दोघी सोडून गेल्या.